गाठ निघाली, पुढे काय?
पीयूषिका ग्रंथीच्या गाठीवरील उपचारानंतरचे जीवन आणि गावाची जबाबदारी

(कर्जत व खालापूर या तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आरोग्य या विषयावर आपल्यापुढे भाषणे होतात ती बहुधा कुपोषण, क्षयरोग, सर्पदंश किंवा पिण्याचे पाणी यांसंबंधी. ते योग्यच आहे, कारण हे प्रश्न घरोघरचे आहेत. आज मी ज्या आजाराविषयी बोलणार आहे तो घरोघरी नाही. एखाद्या गावात त्याचा एकही रुग्ण नसेल, एखाद्या गावात एक असेल. मग तो विषय आपल्यापुढे कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या आजारात शस्त्रक्रियेचे काम मुंबईत होते, परंतु रुग्णाला जगवण्याचे काम त्यानंतर वर्षानुवर्षे गावात चालते. मुंबईचा डॉक्टर त्याला वर्षातून दोन-चार वेळा पाहतो. उरलेले सर्व दिवस तो आपल्यामध्ये असतो. आपल्या शाळेत, आपल्या कचेरीत, आपल्या शेजारी.

एक चित्र आपण डोळ्यांपुढे आणू. हा कोणी विशिष्ट मनुष्य नाही. अशा अनेक रुग्णांची हकीकत एकत्र केली म्हणजे जे उभे राहते ते हे चित्र आहे. खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी आणि गावाकडे थोडी भातशेती असलेला चाळिशीचा गृहस्थ. वर्षभर त्याचे डोके दुखत होते. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा लागे, बाजूने येणारी मोटारसायकल त्याला दिसत नसे. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. शेवटी मुंबईला तपासणी झाली आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठ आढळली. नाकावाटे शस्त्रक्रिया झाली, दृष्टी बरीचशी परत आली, गाठ कर्करोगाची नव्हती. कर्जतच्या लोकलने तो घरी परतला तेव्हा गावाने त्याचे अभिनंदन केले. सर्वांच्या तोंडी एकच वाक्य होते, "गाठ गेली, सुटलास."

सहा महिन्यांनी तोच गृहस्थ सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही. श्रावणातही त्याला थंडी वाजते. दाढी क्वचित करावी लागते. आवणीच्या दिवसांत तो बांधावर बसून राहतो. कारखान्यातले वरिष्ठ म्हणतात, हा कामचुकार झाला. घरचे म्हणतात, आजारपणाची सवय लागली. काही दिवसांनी त्याला स्वतःलाही तसेच वाटू लागते. पुढे भर पावसात एका रात्री त्याला ताप येतो, उलट्या सुरू होतात. पोटात काही टिकत नाही, मग गोळ्या तरी कशाला द्यायच्या, असा विचार करून घरचे सर्व गोळ्या बंद करतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो बेशुद्ध होतो.

या मनुष्याला कामचुकार ठरवण्यात चूक झाली आणि गोळ्या बंद करण्यात त्याहून मोठी चूक झाली. या दोन्ही चुका अज्ञानातून घडतात आणि दोन्ही टाळता येतात. हेच मला आज आपल्याला सांगावयाचे आहे.

एका छोट्या ग्रंथीचा कारभार

पीयूषिका ग्रंथी आकाराने वाटाण्याएवढी आणि वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम असते. मेंदूच्या खाली, कवटीच्या तळाच्या हाडातील एका खळग्यात ती बसलेली असते. तिच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंचा छेद होतो. म्हणूनच गाठ वाढली की, दोन्ही बाजूंची नजर प्रथम जाते. समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा शासकीय कारभाराशी संबंध आहे, म्हणून तेथलाच दाखला देतो. जिल्हा कचेरीतून तालुक्याच्या कचेऱ्यांना आदेश जातात, तालुक्यात काम होते आणि त्याचा अहवाल पुन्हा जिल्ह्याला येतो. अहवाल पाहून पुढचा आदेश कमी-अधिक केला जातो. शरीरातही हाच प्रकार आहे. पीयूषिका ही जिल्हा कचेरी. गळ्यातील अवटू ग्रंथी, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी, स्त्रीची बीजांडे आणि पुरुषाची वृषणे या तालुका कचेऱ्या. पीयूषिका त्यांना संप्रेरकांच्या रूपाने आदेश धाडते. शिवाय वाढीचे संप्रेरक आणि स्तन्याचे संप्रेरक ती स्वतः निर्माण करते आणि लघवीचे प्रमाण आवरणारे संप्रेरक तिच्या मागील भागातून रक्तात सोडले जाते.

आता जिल्हा कचेरी बंद पडली तर काय होईल? तालुक्याच्या इमारती शाबूत असतात, कर्मचारी जागेवर असतात, पण आदेशच येत नाही म्हणून काम थांबते. पीयूषिकेला गाठीने, शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने इजा झाली की नेमके हेच घडते. अवटू आणि अधिवृक्क ग्रंथी निरोगी असूनही स्वस्थ बसतात.

या दाखल्यातून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात येईल. थकवा आला की, आपल्याकडे रक्ताची टीएसएच नावाची तपासणी करतात आणि ती ठीक आली की, थायरॉइड ठीक आहे असे सांगून रुग्णाला परत पाठवतात. सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत ते बरोबर आहे. परंतु टीएसएच हा पीयूषिकेने काढलेला आदेश होय. आदेश काढणारी कचेरीच नादुरुस्त असेल, तर आदेशांच्या नोंदवहीवरून काम झाले की नाही हे कळणार नाही. त्यासाठी तालुक्यात प्रत्यक्ष झालेले काम, म्हणजे रक्तातील फ्री टी-फोर हे संप्रेरक मोजावे लागते. पीयूषिकेवर उपचार झालेल्या व्यक्तीने ही गोष्ट कोणत्याही नव्या डॉक्टरला सांगितली पाहिजे.

ज्ञान कसे वाढले

या ग्रंथीविषयीचे ज्ञान फार जुने नाही. हातपाय आणि जबडा वाढत जाणाऱ्या आजाराचे वर्णन पियेर मारी या फ्रेंच वैद्यकाने १८८६ मध्ये केले. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये पीयूषिकेच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. त्या काळी शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पुढे रुग्णाला वाचवणे अवघड जाई, कारण ग्रंथीचे काम भरून काढणारे औषधच उपलब्ध नव्हते. अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरील संशोधनाबद्दल केंडॉल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोन आणि पुढे हायड्रोकॉर्टिसोन ही औषधे हाती आली आणि पीयूषिका गमावलेला मनुष्यही जगू शकेल असे दिवस आले. रक्तातील अतिसूक्ष्म संप्रेरके मोजण्याच्या पद्धतीबद्दल रोझलिन यालो यांना आणि मेंदूतील आदेशांचा शोध लावणाऱ्या गिय्यमँ व शॅली यांना १९७७ मध्ये हाच सन्मान मिळाला.

तात्पर्य, गाठ काढण्याची कला आणि त्यानंतर रुग्णाला जगवण्याची विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकशास्त्राला हे कळावयास कित्येक वर्षे लागली. गावाला कळावयास इतका वेळ लागू नये.

उपचारानंतर काय उरते

पीयूषिकेच्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. स्तन्याचे संप्रेरक अधिक निर्माण करणाऱ्या गाठी पुष्कळदा केवळ गोळ्यांनी आटोक्यात येतात. इतर गाठींवर बहुधा नाकावाटे शस्त्रक्रिया करतात, काहींना किरणोपचार द्यावे लागतात. शस्त्रक्रियेनंतर काहींची ग्रंथी पूर्ववत काम करते, काहींची अंशतः आणि काहींची मुळीच नाही. किरणोपचाराचा परिणाम तर हळूहळू, पाच-दहा वर्षांनीही दिसू लागतो. म्हणून आज तपासणी ठीक आली म्हणजे जन्माची निश्चिंती झाली, असे मानता येत नाही. दरवर्षी तपासणी आवश्यक असते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे विशेष जपण्याचे असतात. रुग्ण घरी आल्यावर, साधारण आठवड्याच्या सुमारास, रक्तातील मिठाचे प्रमाण एकाएकी उतरू शकते. डोकेदुखी, मळमळ, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे होत. "शस्त्रक्रियेचा शीण आहे" म्हणून घरी वाट पाहू नये. नाकातून स्वच्छ पाण्यासारखा द्राव गळत राहिला, तरी त्वरित रुग्णालय गाठावे.

त्यानंतर उरणाऱ्या उणिवा मुख्यतः पाच.

पहिली कॉर्टिसॉल या संप्रेरकाची. पहाटे, आपण जागे होण्याआधीच, शरीर ते अधिक प्रमाणात निर्माण करून दिवसाची तयारी करते. ते नसले की, सकाळ उजाडते पण माणूस उजाडत नाही. अशक्तपणा, भूक मंदावणे, उभे राहताच घेरी येणे ही लक्षणे दिसतात. त्यासाठी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिवसातून दोन-तीन वेळा विभागून देतात आणि मोठा भाग सकाळी उठताच घ्यावयाचा असतो. काही डॉक्टर त्याऐवजी प्रेडनिसोलोन देतात.

दुसरी अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाची. थंडी सोसत नाही, अंग जड होते, बद्धकोष्ठ होतो, विचार मंदावतो. यासाठी थायरॉक्सिनची गोळी आहे. मात्र कॉर्टिसॉलची उणीव आधी भरून काढून मगच ही गोळी सुरू करावयाची असते. उलट क्रम जीवघेणा ठरू शकतो. म्हणून शेजाऱ्याची थायरॉइडची गोळी घेऊन पाहण्याचा प्रयोग या रुग्णाने कधीही करू नये.

तिसरी लैंगिक संप्रेरकांची. स्त्रियांची पाळी बंद होते, पुरुषांची दाढी विरळ होते, इच्छा मावळते, हाडे ठिसूळ होतात, मूल होण्यात अडचण येते. याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. बोलणी मात्र खावी लागतात, ती बहुधा सुनेला. हा ग्रंथीचा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे हेही एक सामाजिक कार्य आहे.

चौथी वाढीच्या संप्रेरकाची. मुलांत उंची खुंटते. मोठ्या माणसांत स्नायू दुबळे होतात आणि उत्साह ओसरतो.

पाचवी उणीव पाण्याचा तोल राखणाऱ्या संप्रेरकाची. रुग्णाला दिवसरात्र लघवी होते आणि न शमणारी तहान लागते. आपल्या डोंगरवाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी किती चालावे लागते हे आपण जाणता. अशा वाडीत कोणी माणूस रोज आठ-दहा लिटर पाणी पीत असेल, तर त्याला खादाड म्हणून हिणवू नये. त्याची तपासणी करवावी. डेस्मोप्रेसिन नावाच्या औषधाने हा त्रास आटोक्यात येतो. त्याचा मधुमेहाशी संबंध नाही.

या पाचही उणिवा भरून काढल्या, सर्व अहवाल ठीक आले, तरी काही रुग्णांना थकवा, उदासी, विसरभोळेपणा जाणवतच राहतो. गोळी दिवसातून दोन-तीन वेळा ठरावीक मात्रा देते. निरोगी ग्रंथी मात्र क्षणाक्षणाला गरज ओळखून काम करते. ही तफावत आजच्या औषधांनी पूर्णपणे मिटत नाही. ज्यांना कुशिंगचा विकार होता, म्हणजे ज्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल अतोनात झाले होते, त्यांना तर गाठ निघाल्यावर आधीपेक्षा अधिक वाईट वाटते. सांधे दुखतात, त्राण नसते आणि हे कित्येक महिने, कधी वर्षभर किंवा अधिक चालते. हे उपचार फसल्याचे लक्षण नसते, शरीर नव्या प्रमाणाला सरावत असते. हातपाय वाढलेल्या रुग्णांची सूज ओसरते, पण वाढलेले हाड पूर्ववत होत नाही आणि सांधेदुखी उरते. काहींच्या कडेच्या नजरेत कायमचा अधूपणा राहतो. त्यांनी तपासणीशिवाय वाहन चालवू नये.

हे सारे बाहेरून दिसत नाही. जखम नाही, काठी नाही, पट्टी नाही. म्हणूनच या रुग्णाला सहानुभूतीऐवजी संशय मिळतो.

प्राणघातक प्रसंग आणि त्यावरचा उपाय

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ताप, जुलाब, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी निरोगी शरीर कॉर्टिसॉलचे उत्पादन आपोआप कितीतरी पटींनी वाढवते. या रुग्णाला ते शक्य नसते. त्यामुळे ताप येताच गोळीची मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करावयाची असते. किती आणि किती दिवस, हे त्याच्या डॉक्टरकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे. उलट्या होत असतील, तर गोळी पोटात टिकत नाही. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन, प्रौढ माणसास १०० मिलिग्रॅम, तत्काळ मिळाले पाहिजे. ते न मिळाल्यास रक्तदाब उतरतो, साखर उतरू शकते, शुद्ध हरपते आणि काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. मीठ-साखरेचे पाणी उपयुक्त आहे, पण ते या इंजेक्शनची जागा घेऊ शकत नाही.

हे इंजेक्शन दुर्मीळ नाही. दमा आणि तीव्र ॲलर्जी यांसाठी डॉक्टर मंडळी ते नेहमी वापरतात. औषध परिचयाचे आहे. हा रुग्ण समोर आला म्हणजे तेच औषध विलंब न लावता द्यावे, ही माहिती मात्र सर्वत्र पोहोचलेली नाही.

"स्टेरॉइड वाईट असते" हे वाक्य या रुग्णाला हमखास ऐकावे लागते. विनाकारण घेतलेले स्टेरॉइड वाईट असते हे खरेच आहे. परंतु शरीराने स्वतः निर्माण करावयाचे आणि न करता येणारे संप्रेरक तेवढ्याच प्रमाणात बाहेरून देणे, ही भरपाई आहे. ही गोळी एकादशीला, श्रावणी सोमवारी, रोज्याच्या दिवशी, कोणत्याही कारणाने परस्पर बंद करावयाची नाही. उपवास करावयाचा असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे.

कर्जत-खालापूरची परिस्थिती

आता हे सारे आपल्या भूमीवर ठेवून पाहू. कर्जत हे मुंबईच्या मुख्य स्थानकापासून रेल्वेने १०० किलोमीटरवर आहे, खोपोली आणखी १५ किलोमीटर पुढे. परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि लोकलने तेथे जाता येते. या दृष्टीने आपण अनेक दूरच्या जिल्ह्यांपेक्षा सुदैवी आहोत. परंतु तपासणीचा दिवस म्हणजे पहाटेची गाडी, रांग, रक्त देणे, संध्याकाळची गर्दी आणि एका दिवसाची मजुरी बुडणे. थकवा हाच ज्याचा आजार, त्याला हा प्रवास किती जड जात असेल याची कल्पना करावी.

संकटाच्या प्रसंगी मात्र मुंबई उपयोगाची नाही. तेव्हा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, चौकचे ग्रामीण रुग्णालय किंवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय हाच आधार. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. पण पावसाळ्यात ओढा भरला की, कित्येक ठाकूर आणि कातकरी वाड्यांपर्यंत चाक पोहोचत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना पायी डोंगर चढून जावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. अशा वाडीवर रुग्ण असेल तर पावसाळ्याची तयारी जूनपूर्वीच झाली पाहिजे. दोन महिन्यांच्या गोळ्यांचा साठा, घरात इंजेक्शनची कुपी आणि ते देण्यास शिकलेली एखादी व्यक्ती, एवढे तरी असावे.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. परक्या गावी गोळ्या संपल्या तर त्या कोणत्या, कशासाठी, हे तेथील डॉक्टरला कळावयास मार्ग नसतो. म्हणून कागद सोबत हवा.

तिसरी अडचण पैशाची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. घरी जन्मभर घ्यावयाच्या गोळ्या आणि दरवर्षीच्या तपासण्या हा खर्च वेगळाच असतो आणि तो महिन्यामागून महिने चालतो. कुटुंब एकदाचा मोठा खर्च कसाबसा निभावते, रोजचा छोटा खर्च मात्र त्याला हळूहळू थकवतो आणि मग गोळी अर्धी करून घेण्याचा मोह होतो. तो मोह प्राणाशी गाठ घालतो.

याच अवस्थेस नेणाऱ्या अन्य वाटा

पीयूषिका निकामी होण्याचे गाठ हे एकच कारण नाही. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यास ही ग्रंथी रक्ताअभावी मरते, असे शीहान यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. अशा स्त्रीला दूध येत नाही, पाळी परत येत नाही आणि ती वर्षानुवर्षे अशक्त राहते. "बाळंतपण मानवले नाही" या एका वाक्यात तिचा आजार दडपला जातो.

दुसरे कारण आपल्या भातखाचरांत आहे. घोणस चावून वाचलेल्या, विशेषतः मूत्रपिंडांना इजा झालेल्या, काही रुग्णांची पीयूषिका पुढे निकामी होते. त्या वेळी प्राण वाचल्याचा आनंद असतो. महिन्यांनी किंवा वर्षांनी येणाऱ्या थकव्याचा संबंध त्या दंशाशी कोणी जोडत नाही. आपण तो जोडावा आणि डॉक्टरांना सांगावा.

तिसरे कारण आपणच विकत घेतो. सांधेदुखी आणि दमा यांवर मिळणाऱ्या बेनाव पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. महिनोनमहिने ती घेतल्यावर पीयूषिका कॉर्टिसॉलचा आदेश काढणे सोडून देते आणि पुडी एकाएकी बंद करताच तोच प्राणघातक प्रसंग उद्भवतो. अशी पुडी घेणाऱ्याने ती डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांच्या सल्ल्यानेच कमी करावी.

कोणी काय करावे

शिक्षकांना माझी विनंती अशी. प्रत्येक मुलाची उंची दरवर्षी भिंतीवरील खुणेशी मोजून वहीत नोंदवा. चार वर्षांपुढचे, वयात न आलेले मूल वर्षाला चार सेंटिमीटरदेखील वाढत नसेल, किंवा ज्याची नजर कडेने कमी झाली, जे सतत पाणी मागते व लघवीला जाते, असे मूल राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आवर्जून दाखवा. उपचार झालेले मूल वर्गात असेल, तर त्याला पाणी पिण्यास आणि बाहेर जाण्यास परवानगी असू द्या. ताप आल्यास पालकांना त्याच क्षणी कळवा, शाळा सुटण्याची वाट पाहू नका.

कार्यालयप्रमुखांना मी एवढेच म्हणेन की, शस्त्रक्रियेनंतर कामावर रुजू झालेल्या सहकाऱ्याला काही महिने हलके काम, सकाळच्या वेळेत थोडी सवलत आणि तपासणीसाठी रजा द्यावी. फिरतीचे किंवा रात्रपाळीचे काम देण्याआधी त्याच्या डॉक्टरांचे मत घ्यावे. यात उपकार नाही. अनुभवी माणूस टिकवून ठेवण्यात कार्यालयाचेही हित आहे.

पंचायत सदस्यांनी आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने गावातील अशा रुग्णांची नोंद, त्यांच्या संमतीने आणि त्यांची गोपनीयता राखून, आशा कार्यकर्तीकडे ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन पावसाळाभर शिल्लक आहे की नाही याची विचारणा मासिक सभेत करावी. प्रश्न विचारला गेला की साठा राहतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे.

आणि प्रत्येक रुग्णाच्या खिशात एक कार्ड असावे. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत, ठळक अक्षरांत, चार ओळी असाव्यात: मला पीयूषिका ग्रंथीचा आजार आहे, मी रोज स्टेरॉइडची गोळी घेतो, ती बंद करू नये, मी बेशुद्ध असल्यास किंवा मला उलट्या होत असल्यास हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन तत्काळ द्यावे, माझ्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक हा. या कार्डाला पाच रुपयेही लागत नाहीत. ते तयार करून देण्याचे काम शाळेतील शिक्षक एका दुपारी करू शकतील.

समारोप

आता प्रारंभीच्या गृहस्थाकडे पुन्हा वळू. तीच पावसाची रात्र, तोच ताप, त्याच उलट्या. पण या वेळी घरच्यांना कार्ड ठाऊक आहे. आशाताईला रात्री निरोप जातो. ओढ्यापलीकडे रुग्णवाहिका थांबली आहे, गावची चार पोरे त्याला डोलीतून तेथवर नेतात. आरोग्य केंद्रातील डॉक्टर कार्ड वाचतात आणि अन्य कोणत्याही तपासणीची वाट न पाहता इंजेक्शन देतात, शिरेवाटे सलाईन सुरू करतात. सकाळी तो डोळे उघडतो, चहा मागतो. आठवड्याने कामावर जातो आणि वरिष्ठ त्याला विचारतात, "आज कसे वाटते?"

या दोन रात्रींत नवे यंत्र आले नाही, नवे रुग्णालय उभे राहिले नाही. फक्त चार-सहा माणसांना एक गोष्ट ठाऊक झाली. ती आज आपल्याला ठाऊक झाली आहे. ती आपल्या गावी, आपल्या शाळेत, आपल्या ग्रामसभेत पोहोचवावी, अशी विनंती करून मी माझे भाषण पूर्ण करतो.